शाळेतल्या 'स्पीचवाल्या मॅडम'चा सत्कार करायचाय, पण निवडायचं कशावरून?

तुमचा प्रश्न असा: ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, संस्थेतर्फे तालुक्यातल्या शाळांत काम करणाऱ्या एका उत्कृष्ट स्पीच थेरपिस्टचा सत्कार करायचाय, तीन नावं आलीत, निकष काय लावावेत?

मी चोपडा तालुक्यात केंद्रप्रमुख होतो, आता निवृत्त आहे. त्यांच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण अशा एका मॅडमबरोबर चार वर्षं शाळा फिरलो, त्यावरून सांगतो.

आधी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी बघून घ्या. १९९२ च्या कायद्यानं ती लागतेच. ती नसेल तर ते नाव तिथंच बाजूला ठेवा.

आता निकष. 'वर्षात किती मुलं तपासली' हा रकाना अर्जात ठेवूच नका. त्या आकड्याला मी स्वतः भुललोय. एका वर्षी मी सगळ्या शाळांकडून 'बोलण्यात दोष' असलेल्या मुलांची यादी मागवली. एकोणीस नावं आली, मी खूश. मॅडम आल्या, दोन दिवस मुलांशी गप्पा मारत बसल्या आणि बारा नावं खोडली. मला रागच आला. वर कळवून बसलो होतो ना!

खोडलेल्यांत एक मुलगी होती. डोळ्याला 'डोया' म्हणायची, शाळेला 'शाया', पाण्याला 'पानी'. मॅडमनी तिच्या आईला बोलावलं, दोन मिनिटं बोलतं केलं. आईचंही 'डोया'च. "सर, हा दोष नाही, ही अहिराणी बोली आहे. तुमच्या घरी काय म्हणायचे?" मी गप्प. माझी आई जन्मभर 'डोया'च म्हणाली. नोकरी लागल्यावर मीच 'ळ' घोटून घेतला. सातपुड्याच्या पायथ्याची दोन पावरा आदिवासी पोरं तर 'बोलतच नाहीत' म्हणून यादीत होती. मॅडमनी सातवीतल्या एका पावरी बोलणाऱ्या मुलीला मध्ये बसवलं, तर दोघं थांबेनात.

तेव्हा तिघींना एवढंच विचारा: तुम्ही कुठल्या मुलाला उपचार नाकारलेत, आणि का? जिच्याकडे उत्तर असेल तिचं नाव वर घ्या.

उरलेल्या सातांपैकी एक पहिलीतला पोरगा. काकाला 'ताता', गायीला 'दाय'. म्हणजे जिभेचा मागचा भाग टाळूला टेकायचा तिथं टोक पुढे दातांकडे पळायचं. वर्ग पोषण आहाराच्या खोलीत, कारण शाळेत तेवढीच खोली रिकामी. तांदळाच्या पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून मॅडमना ती आवडायची. पोराला पाण्याची गुळणी घशात खुळखुळवायला लावायच्या, मग पाण्याशिवाय तसंच. मग सतरंजीवर उताणं झोपवून, जिभेचं टोक स्वच्छ चमच्याच्या दांड्यानं हलकं दाबून 'क' म्हणायला लावायच्या. दिवाळीआधी नुसता 'क' आला. मग कापूस वेचणीला आईबापाबरोबर तो शेतात, महिनाभर दांडी. पुन्हा पहिल्यापासून. संक्रांतीनंतर कधीतरी मधल्या सुट्टीत तो खो-खोच्या पाटीवरून "काका, बघा ना!" ओरडला आणि मॅडमनी वहीत तारीख लिहिली. खोलीत शंभरदा नीट म्हटलेला 'काका' त्यांनी कधी मोजला नव्हता. ती वही बघायला मागा. फोटोंचा अल्बम नको.

दुसरी खूण त्यांच्या गैरहजेरीत सापडते. पंधरा दिवसांतून एकदा येणारं माणूस एकटं किती करणार? आमच्या एका शाळेत श्रवणयंत्र लावणारी मुलगी होती. मॅडमनी वर्गशिक्षिकेला सहा आवाज शिकवले: आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी मुलीच्या पाठीमागं उभं राहून एकेक म्हणायचा, तिनं तोच परत म्हणायचा. मिनिटाचं काम. एके दिवशी मुलगी एकालाही उत्तर देईना. बाईंनी यंत्र उघडलं, सेल संपलेला. नाहीतर पोरगी आठवडाभर बहिऱ्यासारखी बसली असती आणि आपण 'लक्ष नाही' म्हटलं असतं. तुम्ही न सांगता, थेरपिस्ट नसलेल्या दिवशी शाळेत जा आणि असं काही चालू दिसतं का ते बघा.

पगार, पद, कोण कंत्राटी यात शिरू नका. समग्र शिक्षाच्या, जिल्हा रुग्णालयाच्या, खासगी शाळेच्या अशा सगळ्या प्रकारच्या असतील, तुलना जमणार नाही. (अमेरिकेत १९२७ पासून मे महिना बोलणं-ऐकणं या विषयाला दिलाय. आपल्याकडे मे म्हणजे शाळांना कुलूप आणि पंचेचाळीस डिग्री, तेव्हा तुमचा डिसेंबरच बरा.)

कार्यक्रमाबद्दल एक मात्र हात जोडून सांगतो. एका संस्थेच्या सत्कारात मी पाहुणा होतो. 'मॅडमनी बरा केलेला' मुलगा म्हणून आठवीतल्या एकाला माइकपुढे उभं केलं. तो बोबडा नव्हता, तोतरा होता. दोन्हींत फरक आहे; तोतरेपणा असा पाढ्यासारखा पाठ होऊन जात नाही. स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तो अडकला. पहिल्या रांगेतून कुणीतरी शब्द पुरवला, मागं हसू फुटलं. मॅडमनी शाल खुर्चीवर ठेवली, त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तो पुरं बोलेपर्यंत काही बोलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, वर्षभराचं काम गेलं. तेव्हा मुलं स्टेजवर नकोत, त्यांची नावं नकोत, 'आधी-नंतर'चे व्हिडिओ तर मुळीच नकोत.

शाल कुठली आणि स्मृतिचिन्ह केवढं हे तुमचे सभासद ठरवतीलच. फक्त भाषणं आवरा, मॅडमना शेवटची एसटी गाठायची असते.