प्रश्नावली व्हॅलिडेट करायची आहे? आधी हे बघ

बघ गो, मेडिकलच्या पोरांना साथीची भीती किती वाटते ते मोजणारी तुझी प्रश्नावली व्हॅलिडेट करायची, म्हणजे ती खरंच तेच मोजते का ते तपासायचं. अल्फा 0.7 च्या वर आला म्हणजे ती व्हॅलिड झाली असं बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पण बरेच जण धरून चालतात, ते डोक्यातून काढ. क्रोनबाखचा अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात, नेमकं काय मोजतात ते नाही, आणि 0.95 च्या पुढे गेला तर बहुतेक तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलायस.

खरी अडचण वेगळीच आहे. मेडिकलच्या पोरांना एरवीच टेन्शन असतं, युनिव्हर्सिटीची परीक्षा, व्हायवा, मग साथीची भीती त्यातून वेगळी कशी काढणार? म्हणून सोबत जीएडी-7 ही एकूण चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घे (7 प्रश्न, 0 ते 21 गुण), तुझ्या स्कोअरचा त्याच्याशी संबंध दिसला पाहिजे, पण अगदी तंतोतंत जुळला तर तुझी नवी प्रश्नावली हवी कशाला? वॉर्डात पोस्टिंग असलेले इंटर्न आणि फर्स्ट इयरवाले यांच्यात फरक दिसतो का तेही बघ, मला तर हीच कसोटी सगळ्यात मोलाची वाटते.

फॅक्टर अ‍ॅनालिसिसला (कुठले प्रश्न एका गटात बसतात ते बघायला) दर प्रश्नामागे निदान 5 ते 10 जण घे, आणि एक्स्प्लोरेटरी (गट शोधणं) न् कन्फर्मेटरी (ते गट टिकतात का बघणं) एकाच डेटावर करू नकोस. रीटेस्ट, म्हणजे त्याच जणांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं, दोन आठवड्यांनी करतात खरं, पण साथीत तेवढ्यात लाट चढते नाहीतर उतरते, भीती खरोखरच बदलते, त्यामुळे दोन्ही वेळचे गुण कमी जुळले म्हणून लगेच प्रश्न कापू नकोस.

एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी ठरव, ज्यांचा स्कोअर खूप जास्त येईल त्यांचं काय. आयपीएचबी (सरकारी मानसोपचार रुग्णालय) शेजारीच आहे, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 फॉर्मवरच छाप.