जयनगर–जनकपूर नॅरोगेज: टपावरच्या गर्दीपलीकडचे फोटो

जयनगर–जनकपूर या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीच्या बहुतेक फोटोंत टपावर बसलेली माणसेच का दिसतात, आणि अखेरच्या वर्षांत असलेल्या एखाद्या गाडीचे फोटो काढायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. या गाडीच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत मी तेथे जाऊन आलो होतो, त्या आधारे लिहितो.

बिहारमधील जयनगरहून नेपाळमधील जनकपूरकडे जाणारी ही लाईन १९३७ मध्ये, राणा राजवटीत, मुख्यतः जंगलातले लाकूड खाली आणण्यासाठी टाकली गेली. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, अडीच फुटी, म्हणजे विदर्भातल्या आपल्या शकुंतला गाडीचा किंवा जुन्या बार्शी लाईट रेल्वेचा होता तोच. जनकपूरच्या पुढचा बिजलपुरापर्यंतचा भाग पुरात पूल गेल्यामुळे आधीच बंद झाला होता, आणि उरलेल्या २९ किलोमीटरांना तीन तासही सहज लागत. भारतीय आणि नेपाळी नागरिकांना सीमा ओलांडायला व्हिसा लागत नसल्यामुळे ही गाडी सहलीची नव्हे, तर बाजारहाटाची, सोयरिकीची आणि जानकी मंदिराच्या यात्रेकरूंची होती. २०१४ मध्ये रुळांच्या रुंदीकरणासाठी (ब्रॉडगेजसाठी) ती थांबली.

टपावरचा फोटो सोपा असतो, म्हणून तो सगळ्यांकडे असतो. पहिल्या खेपेला मीही तेच केले, आणि घरी येऊन पाहतो तर निम्म्याहून अधिक फोटो असे की, ते कोणत्या लाईनचे आहेत हे माझ्याशिवाय कोणालाही सांगता आले नसते. गाडी मोडकळीस येते म्हणजे नेमके काय होते, हे गर्दीत दिसत नाही. ते डागडुजीत दिसते. दाराची कडी तुटली की तेथे तार येते, कुजलेल्या स्लीपरांमधून गवत इतके वाढते की रूळ दिसेनासे होतात आणि गाडी शेतातून चालल्यासारखी वाटते. एका डब्याच्या बाहेर खिडकीच्या गजाला हँडल अडकवून सायकल टांगलेली होती. ती हेलकावे खाऊ नये म्हणून पॅडल गमछाने बांधले होते, आणि आत बसलेला मालक गजांतून हात बाहेर काढून सीट धरून होता. तो फोटो मी जवळून, तीन फुटांवरून काढला, आणि दोन्ही खेपांतला माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी फोटो आहे, कारण या गाडीवाचून त्या माणसाचे काय अडणार होते ते त्यात दिसते.

प्रकाशाचा विचार मात्र आधीच करावा लागतो. ही लाईन जयनगरहून वायव्येला जाते, त्यामुळे सकाळी जनकपूरकडे निघालेल्या इंजिनाचे तोंड सावलीत राहते, तर जनकपूरहून येणाऱ्या गाडीच्या तोंडावर हिवाळ्यातले आग्नेयेचे ऊन थेट पडते. हे मला दुसऱ्या खेपेला उमगले, आणि त्यानंतर मी सकाळी स्टेशनात थांबण्याऐवजी रुळांच्या कडेने चालत पुढे जाऊन गाडीची वाट पाहू लागलो. गाडी इतकी संथ होती की एकच वळण तीन-चार लेन्सांनी टिपता येई. पौषात मिथिलेत धुके दाट असते. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर त्या पांढऱ्या पडद्याला फसते आणि माणसांचे चेहरे काळवंडतात, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवून ठेवावे.

सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. कॅमेरा काढण्याआधी त्यांना विचारावे आणि नाही म्हटले तर वाद घालू नये. प्रवाशांच्या बाबतीतही हेच. मैथिलीची दोन वाक्ये पाठ करून गेलो होतो, त्यांचा लांब लेन्सपेक्षा अधिक उपयोग झाला.

(जाता जाता: याच मार्गावर २ एप्रिल २०२२ रोजी ब्रॉडगेजवर जयनगर–कुर्था सेवेचे उद्घाटन झाले, आणि तिच्यासाठीच्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या, वेगळे इंजिन न लागणाऱ्या) गाड्या आपल्या कोकण रेल्वेने २०२० मध्ये नेपाळला दिल्या. जुन्या जागांवरून नव्या गाडीचे फोटो काढायला आपण गेलात तर मला आवर्जून कळवा.)

एक चूक मात्र आपण करू नका. त्या सायकलवाल्या फोटोखाली मी घाईत ‘जयनगर, सकाळ’ एवढेच लिहिले. पुढे एका अभ्यासकाने त्या दिवशी कोणते इंजिन होते ते विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तोवर विचारायला गाडीही उरली नव्हती. आता गाडी सुटण्याआधीच मी खिशातली वही काढतो आणि तारीख, वेळ, इंजिनाचा व डब्याचा क्रमांक, जवळचे स्टेशन, आणि शेजारच्याने सांगितले असेल तर तो कोणत्या बाजाराला निघाला आहे, एवढे लिहूनच कॅमेरा हातात घेतो.