तारण गेलं का, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. पहिलंच वाक्य "माझं तारण गेलं का?", म्हणजे ख्रिस्तामुळे मिळालेली पापातून सुटका हातची गेली का, आणि खाली बायबलमधल्या इब्री पत्राचं ६:४-६, जिथे म्हटलंय की एकदा प्रकाश मिळून मागे पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. तुझ्या वयात मीही याच वचनापाशी अडकलो होतो. एका सभेत उपदेशक म्हणाले की पाप कबूल न करता झोपलात आणि सकाळ उजाडलीच नाही तर सरळ नरक, मग कितीतरी महिने मी रोज अंथरुणावर तारणाची प्रार्थना नव्याने करायचो, मध्येच वाईट विचार आला की परत पहिल्यापासून. त्या प्रार्थनांमध्ये येशू कुठेच नव्हता रे, नुसती माझी धडपड होती.

आधी हे सांगतो की या प्रश्नावर देवाला मानणारी, शास्त्र मन लावून वाचणारी माणसं वेगवेगळं बोललीत. १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टला भरलेल्या प्रोटेस्टंट धर्मसभेने ठरवलं की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली म्हणाले की खरा विश्वासीही पडून नाश पावू शकतो, आणि कॅथलिक मंडळीने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत सांगितलं की प्राणघातक, म्हणजे अतिशय गंभीर, पापाने कृपा जाते पण पश्चात्ताप-संस्काराने, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करून, परत मिळते. माझं मत डॉर्टच्या बाजूचं आहे, योहान १०:२८ मुळे. "माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही" असं येशू, मेंढपाळ म्हणून, म्हणतो, तिथे मेंढराने किती घट्ट धरलंय याचा विषयच निघत नाही.

मग इब्री ६ चं काय? ते वचन मऊ करून सांगणार नाही, इशारा खरा आहे. पण ते पत्र ख्रिस्ताला उघड सोडून द्यायच्या बेतात असलेल्यांना लिहिलंय, पाप झालं म्हणून रात्रभर रडणाऱ्याला नाही. आणि तू सहाव्या ओवीला थांबलास, नववी वाचलीच नाहीस, तिथे लेखक त्याच लोकांना "प्रियजनहो" म्हणतो आणि तुमच्याबद्दल आम्हाला चांगल्याचीच खात्री आहे असं सांगतो. मला वाटतं देव आपल्याला राखतो तो अशा इशाऱ्यांमधूनच, कड्याच्या टोकाला पोचायच्या आधी हाक मारून.

सतराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन बन्यनही असाच तळमळला होता, इब्री १२ मधल्या एसावाच्या वचनाने (एसावाने एका जेवणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला आणि पुढे रडूनही तो परत मिळाला नाही), आपण ख्रिस्ताला विकलं असं त्याच्या मनाने घेतलं होतं आणि तो धाक खूप काळ सुटला नाही. पुढे तोच माणूस सुवार्तेसाठी बारा वर्षं तुरुंगात राहिला.

आता येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे बघ. योहान १८:१८ मध्ये येशूला पकडल्याची रात्र आहे, थंडी आहे, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवलाय, पेत्र शेकत उभा आहे आणि तिथेच "मी नाही त्याचा" म्हणतो. कोळशांच्या विस्तवासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतो, दुसऱ्यांदा २१:९ ला, समुद्रकाठी, जिथे येशूने स्वतः विस्तव पेटवून मासे भाजायला ठेवलेत आणि पेत्राला जेवायला बोलावलंय. तीनदा नाकारलं होतं, तीनदाच विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" आणि हे सगळं व्हायच्या आधीच, लूक २२:३२ मध्ये, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे असं येशूने पेत्राला सांगून झालं होतं. पेत्र नाकारणार हे ठाऊक असूनही केलेली विनंती आहे ती.

म्हणून "मी अजून आत आहे का" असं दर तासाला तपासणं थांबव. जे पाप तुला खातंय ते देवाला नाव घेऊन सांग, एका भरवशाच्या माणसालाही सांग, मला सांगितलंस तरी चालेल, आणि ज्याचं नुकसान केलंस त्याची माफी माग. पाप सोडायचंच नाही आणि तारण मात्र पक्कं हवं, असं कोणी म्हणालं असतं तर मी वेगळंच पत्र लिहिलं असतं, पण तू तसा नाहीस.

लायक नाही म्हणून दोन महिने प्रभुभोजन (चर्चमधली ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस) घेतलं नाही असंही लिहिलंस. या रविवारी ये. माझ्या शेजारी बस.

तुझा,
काका