योग कधीच केला नाही, गावात क्लास नाही, तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचं विचारणं असं आहे: देवगडजवळच्या गावात राहता, वय ४५, आसपास योगाचा क्लास नाही. मोबाईलवर बघून एकटीनं सुरुवात करता येईल का, कुठल्या आसनानं करावी, आणि दिवसभर घरात-बागेत राबणाऱ्या बाईला हे वेगळं करायची गरज तरी आहे का?

करता येईल, आणि गरज आहे. मी गुहागरकडची. आमच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात सकाळी बायकांकडून आसनं करून घेते. येणाऱ्या बहुतेकींनी तुमचा शेवटचा प्रश्न मला विचारलेला आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

कामानं शरीर हलतं, दमतं, पण एकाच दिशेनं. काजू वेचताना पुढे वाकायचं, लावणीला पुढे वाकायचं, केर काढताना, विळीवर नारळ खवताना, मासे साफ करताना पुढेच. कळशी कायम एकाच कमरेवर. हंगामात आंब्याच्या पेट्या उचलायच्या त्याही वाकून. अख्ख्या दिवसात पाठ एकदाही मागे वळत नाही, छाती मोकळी होत नाही, आणि हात डोक्याच्या वर जातात ते दोरीवर कपडे टाकण्यापुरते. संध्याकाळी कंबर धरते, खांद्यांच्या मागे ठणका लागतो, त्यामागे पुष्कळदा हा एकाच बाजूचा ताण असतो. कामात जे राहून जातं ते शरीराकडून करून घेणं, हा आसनांचा पहिला उपयोग.

म्हणून कुठली आसनं करायची हेही कामावरूनच ठरवा. लावणीच्या दिवसांत घरी येऊन पश्चिमोत्तानासन करत बसू नका, पुढे वाकणं दिवसभर झालेलं असतं. त्या दिवसांत पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पडवीच्या पायरीवर ठेवा, गुडघे काटकोनात, आणि दहा मिनिटं नुसत्या पडून राहा. सुरुवातीला कमरेखाली हात सरकेल एवढी पोकळी असते. हळूहळू ती भरत जाते आणि कंबर आपसूक जमिनीला टेकते. बाकी काही केलं नाही तरी त्या दिवसाचा अभ्यास झाला म्हणा.

तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजूही आहे. खाली मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून काम करणं हे तुम्हाला सवयीचं असणार. सुट्टीत गावी आलेल्या कितीतरी तरण्या मुलींना टाचा टेकवून उकिडवं बसता येत नाही, मागे कलंडतात. घोटे, गुडघे आणि खुबे यांची ती मोकळीक पुस्तकातल्या निम्म्या आसनांचा पाया आहे. घरात डायनिंग टेबल आलं असलं तरी दिवसातून एक जेवण खालीच बसून घ्या.

आता सुरुवात. पहिले दोन महिने मुख्य शिकायचं ते एकच, कुठे थांबायचं. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाला अट घातली आहे ती स्थिरतेची आणि सुखाची. हात पायाच्या अंगठ्याला लागला पाहिजे असं तिथे कुठेही नाही. पण मोबाईलवरची मुलगी दुमडून कपाळ गुडघ्याला लावते, आणि आपण तिथे पोचायला बघतो. कंबर लचकते ती अशा वेळी.

थांबायची जागा श्वास सांगतो. भुजंगासनाचंच घ्या. पोटावर झोपलात, तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरं अंगालगत, श्वास घेत छाती उचललीत. बेंबी जमिनीवर आहे, श्वास आत-बाहेर संथ चालू आहे, तोवर ठीक. आणखी दोन बोटं वर जायच्या हट्टात काय होतं ते मी रोज समोर बघते: आधी ओठ घट्ट मिटतात, मग दात आवळले जातात, मानेच्या शिरा दिसायला लागतात, आणि श्वास कोंडलेला असतो. बाईला वाटतं आसन छान जमलं. प्रत्यक्षात सगळा भार मनगटांवर आणि कमरेच्या एका जागी आलेला असतो. श्वास अडला त्याच्या अर्धी वीत अलीकडे तुमची जागा. ती दर दिवशी थोडी वेगळी असते. रात्री झोप झाली नसेल तर बरीच अलीकडे येते. आरसा नाही, शिक्षक नाही, तेव्हा एकटीनं करणाऱ्या बाईला हीच खूण सगळ्यात जास्त भरवशाची.

ताण आणि दुखणं यांतला फरकही असाच ओळखता येतो. स्नायू ताणला की पसरट, सहन होईल असं ओढल्यासारखं वाटतं आणि आसन सोडल्यावर बरं वाटतं. सांध्यात टोचलं, कळ पायात उतरली, मुंग्या आल्या तर लगेच सोडायचं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तर ते आसन गाळून डॉक्टरांना दाखवायचं.

वीस मिनिटं पुरतात. आधी उभ्यानं घोटे, गुडघे, खांदे आणि मान सैल करून घ्या; मान गोल गरगरा फिरवू नका, चारी दिशांना सावकाश न्या. मग ताडासन, दोन्ही हात वर, बोटं गुंफून, टाचा पहिल्या महिन्यात खालीच. कटिचक्रासन, म्हणजे उभं राहून कमरेतून दोन्हीकडे वळणं. नंतर गुडघ्यांवर आणि तळव्यांवर येऊन मार्जारासन: श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. सकाळी ताठलेल्या पाठीला याच्याइतकं सोपं औषध मला माहीत नाही, एकच आसन करायला वेळ असेल तर मी हेच करायला सांगेन. पोटावर भुजंगासन, आणि एकेक पाय उचलून अर्धशलभासन. पाठीवर येऊन पवनमुक्तासन एकेका पायानं, म्हणजे गुडघा छातीशी घेणं, आणि सेतुबंधासन, म्हणजे गुडघे दुमडून तळपाय टेकवून कंबर वर उचलणं. मग शवासन, म्हणजे अंग सैल सोडून पाठीवर पडून राहणं. प्रत्येक आसनात चार-पाच संथ श्वास, दोनदा. बस.

सूर्यनमस्कार या यादीत नाहीत याचं आश्चर्य वाटेल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांतून ते सुरू केले, हौसेनं प्रसार केला, आणि आज मराठी घरात ते सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. व्यायाम उत्तमच. पण त्यात पुढे वाकणं, मागे वळणं आणि मनगटांवर भार घेणं एकामागून एक भरभर येतं. शाळेत घातलेले नमस्कार आठवून आज एकदम बारा घालायला गेलात तर खांदा नाहीतर कंबर दुखावेल. वरची आसनं अंगवळणी पडली की तिसऱ्या महिन्यापासून दोन-तीन, तेही सावकाश.

शवासन मात्र पहिल्या दिवसापासून, पाच मिनिटं तरी. बायका नेमकं हेच टाळतात. आसनं झाली की गडबडीनं उठतात, कारण चुलीवर काहीतरी ठेवलेलं असतं, पोरांच्या शाळेची वेळ झालेली असते. आणि पडल्या तरी अंग सोडत नाहीत. आमच्या सभामंडपात मी फेरी मारते तेव्हा डोळे मिटलेले असतात, श्वास शांत असतो, पण बोटं पदराचं टोक धरून ठेवतात. मी काही बोलत नाही, नुसतं बोटांना हात लावते. कपाळ, जबडा, जीभ, तळहात, पोट, एकेक जागा मनानं शोधून सैल करायची. झोप लागली तर लागू द्या, घड्याळाचा गजर लावून ठेवा. घरात सांगून ठेवायचं की या पाच मिनिटांत आईला हाक मारायची नाही. हे सांगायला संकोच करू नका.

प्राणायामाची घाई नको. पहिला महिना मांडी घालून किंवा भिंतीला टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा आणि श्वासाबरोबर पोट वर-खाली होतंय का एवढंच बघा. मग अनुलोम-विलोम, म्हणजे एकेका नाकपुडीनं आलटून-पालटून श्वास, तो रोखून न धरता. मग भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं. टीव्हीवर बघून लोक पहिल्याच दिवशी कपालभातीचे शेकडो झटके मारतात, ते करू नका. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती पूर्ण वर्ज्य.

आपल्या हवेचं थोडं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर सकाळी आठ वाजताच घामाच्या धारा लागतात, तेव्हा उजाडता उजाडता उरकून घ्या. पावसाळ्यात लादी ओलसर होते आणि पातळ रबरी मॅट तिच्यावरून सरकते, शिवाय तिला आठवड्यात बुरशी धरते. खाली सतरंजी, वर घट्ट विणीची सुती चादर, ऊन पडलं की दोन्ही वाळवायच्या. सारवलेली जमीन सगळ्यात छान, पाय घट्ट राहतात. नवी मॅट विकत घेतल्याशिवाय सुरुवात होत नाही असं काही नाही.

आणि समुद्रकिनारा. फोटो बघून सगळ्यांना वाटतं की वाळूवर करावं. किनाऱ्याची वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे उभ्या आसनांत एक पाय कायम खाली राहतो. मऊ वाळूत मनगटं रुततात आणि तोल सांभाळण्यातच जीव जातो. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते तेव्हा अनवाणी चालायला जा, त्यासारखं सुख नाही, आणि कुठेतरी बसून श्वासाकडे लक्ष द्या. आसनं घरीच, पडवीत.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यायचे. सकाळी उठून थोडं पाणी, मग अभ्यास, आणि पेज त्यानंतर अर्ध्या तासानं. सकाळ जमत नसेल तर दिवेलागणीच्या आधीची वेळ धरा. संध्याकाळी अंग जास्त मोकळं असतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी काही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं कुठलंही आसन नको. शीर्षासन आणि सर्वांगासन तर एकटीनं, मोबाईल बघून, कधीच करू नका. पाळी जायच्या वयाच्या आसपास हाडं ठिसूळ होऊ लागतात. तसं निदान झालेलं असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोरानं पीळ देणं टाळा. गुडघा दुखत असेल तर वज्रासनाचा, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसण्याचा, आग्रह सोडा, जमिनीवर बसताना बुडाखाली घडी घातलेली चादर घ्या. पाळीच्या दिवसांत जमेल तेवढं, नाहीतर नुसतं शवासन.

व्हिडिओ बघायचाच तर केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाचा २१ जूनच्या योग दिनासाठी तयार केलेला सामान्य योग अभ्यासक्रम बघा. साधारण ४५ मिनिटांचा आहे, फुकट मिळतो, आणि आधी सांधे सैल करणं, मग उभ्यानं, बसून, पोटावर, पाठीवर असा क्रमानं जातो. तो तुकडे करून शिका. मात्र करताना मोबाईल समोर नको. आदल्या रात्री बघून ठेवायचं आणि सकाळी डोळे मिटून करायचं. पडद्याकडे मान वळवून भुजंगासन केलं तर मानच दुखावते.

कधीतरी जाणत्या माणसाची नजर आपल्या अंगावरून फिरणं मात्र जरुरीचं आहे. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्या आरोग्य उपकेंद्रांतून अनेक ठिकाणी योगाची सत्रं होतात, आणि आपल्या शेजारी काय चाललंय हे कित्येकदा माहीत नसतं. मुंबईला मुलांकडे किंवा भावाकडे जाणं होत असेल तर सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट आहे, १९१८ पासूनची. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेलं कैवल्यधाम आहे. अशा ठिकाणी चार दिवस शिकून आलात तर घरचा वर्षभराचा अभ्यास सुधारतो. तेही नाही जमलं तर वाडीतल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. एकीनं करायचं, दुसरीनं तिचा चेहरा बघायचा. ओठ आवळले की सांगायचं.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे का, गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं आहे का, बाळंतपण सिझेरियनचं होतं का, हे खाली लिहा. त्याप्रमाणे वरच्यातली कुठली आसनं गाळायची आणि त्यांच्या जागी काय घ्यायचं ते सांगते.