लग्नानंतर पगार सासऱ्यांच्या हाती द्यावा का?

सासरची मंडळी आपल्याला नोकरी ‘करू देण्यास’ तयार आहेत, परंतु पगार सासऱ्यांच्या हाती द्यावा अशी त्यांची अट आहे, आणि तिला नकार देणे गैर ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मुळीच गैर ठरणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. तिथे विवाहित स्त्रीने कमावणे ही कधीच नवलाची गोष्ट नव्हती. गिरण्या बंद पडल्यावर तर कित्येक घरे बिड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवरच तगली. माझी आई मांडीवर सूप घेऊन, भिजवलेली तेंदूची पाने कात्रीने बेतून दिवसभर बिड्या वळत असे आणि कारखान्यातून आणलेली मजुरी देवळीत ठेवत असे. तिथून ती वडील उचलत. तिने त्यातलेच पैसे मागितले, तर ‘कशाला हवेत?’ हा प्रश्न ठरलेला असे. वडिलांना तो कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे बाई कमावू लागली की आपोआप स्वतंत्र होते, या बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

आपण हिंदू असाल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ नुसार स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळवलेली संपत्ती पूर्णतः आपल्याच मालकीची असते. याच अधिनियमाचे कलम १५ मात्र फारसे कोणी वाचत नाही. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या कमाईवर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यातील स्त्री लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झाली, सासरहून तिला हाकलले गेले, माहेरच्यांनी तिला शिकवले. तरीही तिची मिळकत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमानुसार सासरकडच्यांना दिली. तेव्हा वय कितीही कमी असो, मृत्युपत्र करून ठेवावे.

घरखर्चात वाटा उचलू नये, असे मी म्हणत नाही. तो अवश्य उचलावा, पण आपल्या खात्यातून आणि रक्कम आधी ठरवून. माझी चूक अशी झाली, की लग्नानंतर चार वर्षे गृहकर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जात राहिला आणि घर होते सासऱ्यांच्या नावावर. हे ध्यानात आले तेही प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना, कारण मालकीत नाव नसल्याने व्याजावरील सवलत मला मागताच येईना. पुढची सदनिका आम्ही माझ्या एकटीच्या नावे घेतली. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. मामंजींना पटले ते त्या एका टक्क्यामुळे, माझ्या युक्तिवादामुळे नव्हे.