रेट लॉवरून रिॲक्शनची ऑर्डर कशी काढायची? समीकरणातल्या आकड्यांची बेरीज केली तर चालतं का?

नाही चालत. रेट लॉमध्ये, म्हणजे पदार्थांच्या कॉन्सन्ट्रेशनवरून (संहतीवरून) रिॲक्शनचा वेग सांगणाऱ्या सूत्रात, कॉन्सन्ट्रेशनच्या डोक्यावर जे घात असतात त्यांची बेरीज म्हणजे ऑर्डर, विषय संपला. एवढ्यासाठी मी लिहिलं नसतं, पण ह्याच बेरजेपायी लातूरला बारावीचं अख्खं वर्ष मला 'दीडशहाणा' म्हणून घ्यावं लागलंय.

झालं असं, क्लासला शे-दीडशे पोरं, मी मागच्या बाकावर. सरांनी फळ्यावर क्लोरोफॉर्म अधिक क्लोरीन, त्यातून कार्बन टेट्राक्लोराइड आणि एचसीएल अशी रिॲक्शन लिहिली, शेजारी रेट लॉ पण स्वतःच्याच हातानं लिहिला, क्लोरोफॉर्मचा घात १ आणि क्लोरीनचा १/२, अन् विचारलं ऑर्डर किती. मी म्हणलो दीड. सर हसायले. "एकास एक आहे ना रे, मग दोन! अर्धा रेणू काय सुरीनं कापून टाकतोस का?" पोरं खिदळायली. मेसमधल्या मावशीपर्यंत गेलं हे, ताटात वाढताना म्हणायच्या, दीडशहाण्याला दीड भाकर.

अर्धा रेणू कुणी कापत नाही हो सर. क्लोरीनचा रेणू आधी फुटून दोन अणू होतात, ते अणू क्लोरीनच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात, तो अर्धा तिथून येतो. क्लोरीन चौपट केला तरी रेट दुप्पटच होतो, चौपट नाही.

आणि ही चूक खपते का, तर कधीकधी उत्तर बरोबर येतं म्हणून. एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) यांची रिॲक्शन घ्या, कमी तापमानाला घात २ आणि ०, बेरीज २. समीकरणातले आकडे मोजणाऱ्याचं पण एक अधिक एक, २. मार्क पूर्ण, डोक्यात मात्र अंधार.

हां, एक राहिलं. रिॲक्शन एकाच टप्प्यात होणारी, म्हणजे एलिमेंटरी आहे असं दिलं असेल तर आकडे आणि घात जुळतात, तिथं बेरीज चालते. आणि रेट लॉच नसेल, नुसता प्रयोगातल्या कॉन्सन्ट्रेशन आणि रेटचा तक्ता असेल, तर ज्या दोन ओळींत एकच कॉन्सन्ट्रेशन बदललंय त्या धरून घात काढ.

तुझ्या सरांनी पण आकडेच मोजायला सांगितलं असेल तर भर क्लासमध्ये बोलू नको, सुटल्यावर पुस्तक घेऊन केबिनमध्ये जा. मी गेलो होतो. म्हणले, ते दीड-बीड सोड, सिलॅबस मागं पडायलाय.