ओबीडी सॉकेटला (डॅशबोर्डखालचं, गाडी तपासायचं सॉकेट) लावायच्या चिपने गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढतं का? ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, थोडी छेडछाड करून काही साधतं का?

चिपने काहीही होत नाही. बाजारात मिळणाऱ्या त्या स्वस्त डब्यांत दिवे लुकलुकवायचं सर्किट असतं. पटत नसेल तर उघडून बघा.

दुसरा उद्योग म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर जोडून ईसीयूला हवा गरम असल्याचं भासवायचं, म्हणजे पेट्रोल कमी सुटेल. सुटतंही. पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर काय झोपलाय का? हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ वरून हललं की फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) वाढतो आणि कापलेलं पेट्रोल परत चालू.

प्रयोगच करायचा तर ओबीडी सॉकेटला लावून मोबाईलवर इंजिनाचे आकडे दाखवणारा ब्लूटूथवाला डोंगल घ्या आणि ईसीयू आपणहून काय करतं ते बघा. आमचे दाजी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रल करतात. "उतार फुकटचा, त्यात पेट्रोल कशाला जाळायचं?" त्यांची अर्धी हयात जुन्या पद्मिनी गाडीवर गेली. कार्ब्युरेटर होता तोवर ते बरोबरच होतं, कारण गिअरमध्ये उतरलं तरी इंजिन पेट्रोल ओढायचंच. इंजेक्शनच्या गाड्या येऊन जमाना झाला, पण दाजी अजून तिथेच.

गेल्या दिवाळीत मी शेजारी मोबाईल धरून बसलो. न्यूट्रलला आरपीएम आठशेच्या आसपास, स्क्रीनवर 'क्लोज्ड लूप' (ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल सोडतंय), म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जातंय. मग त्यांना तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायला लावला. आरपीएम अडीच हजार, 'ओपन लूप' (आता सेन्सरकडे बघत नाही), आणि ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज शून्याला टेकलं. इंजेक्टर बंद! एक्झॉस्टमधून निव्वळ हवा जातेय, चाकंच इंजिनाला फिरवतायत. आरपीएम आयडलच्या जवळ उतरला की मगच पेट्रोल परत सुरू होतं.

दाजी म्हणाले, "मोबाईल काय, काहीही दाखवेल." मागून ताई म्हणाली, "अहो, पुढे बघा, वळण आलंय."

शिवाय घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. चावीच बंद करणारे महाभागही आहेत. ब्रेकचा बूस्टर जातो, स्टिअरिंग जड होतं. त्यांच्यापुढे हात जोडले.

एक मात्र आहे. उतार लांब आणि अगदी हलका असेल तर गिअरमध्ये गाडी लवकर मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे न्यूट्रल कदाचित जास्त लांब नेईल. हे दाजींना सांगू नका.

रिमॅपचं (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचं) म्हणाल तर ताकद वाढते, वॉरंटी जाते. ॲव्हरेजसाठी तो खर्च करू नका. आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे ॲव्हरेज पडलं म्हणून चिप शोधत असाल, तर इथेनॉलच्या लिटरात ऊर्जाच पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. ती कुठलीही डबी भरून देणार नाही.